पृथ्वीचें वय किती, आणि कशावरून ?

शेतकरी बाजारांत बैल घ्यावयास जातो तेव्हां विकणारा सांगेल तें वय तो मुकाट्यानें कबूल करीत नाहीं. तो जनावराचें तोंड उघडतो आणि दांत मोजतो. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती कीं जुळलेला, हें स्वतः पाहून मग किंमत बोलतो. सुतार खोडाचा काप पाहून झाडाचें वय सांगतो. कुंभार मडकें वाजवून तें कितपत भाजलें तें ओळखतो. हा पारख करण्याचा शहाणपणा आमच्या कष्टकरी घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. परंतु पृथ्वी, आकाश, सूर्य, चंद्र यांची गोष्ट निघाली म्हणजे हाच पारखी माणूस हात जोडून बसतो, आणि जो कोणी पोथी सोडून वाचील त्याचें म्हणणें खालीं मान घालून ऐकून घेतो. बैलाचे दांत पाहणाऱ्यानें पृथ्वीचे दांत पाहूं नयेत असें कोणी ठरविलें ? आजच्या लेखांत आम्हीं हाच विषय घेतला आहे.

आजचे शास्त्रज्ञ पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटी वर्षें सांगतात, आणि त्यांत चूक असलीच तर ती शेंकडा एकाच्या आसपास, म्हणजे चार-पांच कोटी वर्षांची असेल, असेंही तेच सांगतात. हा आंकडा आम्हीं छापला म्हणून वाचकांनीं मानूं नये. तो परदेशांतून आला म्हणून मानूं नये, आणि परदेशांतून आला म्हणून नाकारूंही नये. त्यांनीं बाजारांतलाच प्रश्न विचारावा : कशावरून ? या प्रश्नाचें उत्तर देण्याची ज्याची तयारी असेल त्याच्याशींच व्यवहार करावा.

प्रथम पोथीवाल्यांचीं उत्तरें पाहूं. हीं सर्व देशांत सांपडतात. आयर्लंडांतील आर्मा येथील मुख्य धर्मगुरु जेम्स अशर यानें १६५० सालीं बायबलांतील वंशावळींवरून हिशेब केला. कोणाला कितव्या वर्षीं मुलगा झाला, कोणता राजा किती वर्षें राज्य करीत होता, यांच्या बेरजा करून त्यानें जग इ. स. पूर्वीं ४००४ सालीं उत्पन्न झालें असें ठरविलें. माणूस विद्वान होता व कष्टाळूही होता. परंतु बेरीज पुस्तकांतल्या आंकड्यांची होती. दगडामातीची साक्ष तींत नव्हती. पुढें हें साल इंग्रजी बायबलाच्या समासांत छापलें जाऊं लागलें, आणि समासांतली टीप लोकांना देवाची वाणी वाटूं लागली.

आपल्याकडचा हिशेब याहून फार मोठा आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे कल्प, आणि तो ४३२ कोटी वर्षांचा. हल्लीं कांहीं विद्वान मोठ्या ऐटीनें सांगतात कीं, ४३२ आणि ४५४ जवळजवळ एकच झाले. मग शास्त्रज्ञांनीं नवें तें काय शोधिलें? आमच्या वाचकांनीं या बोलण्यांतली मेख ओळखावी. ४३२ कोटी ही संपूर्ण कल्पाची लांबी आहे. पंचांगकर्त्यांच्याच गणिताप्रमाणें चालू कल्पाचीं आजवर सुमारें १९७ कोटी वर्षें गेलीं आहेत, बाकीचीं जावयाचीं आहेत. प्रत्येक पूजेच्या संकल्पांत वैवस्वत मन्वंतर व अठ्ठाविसावें कलियुग असें जें म्हणतात, तो याच हिशेबाचा उच्चार होय. म्हणजे त्या गणितानें सृष्टीचें आजचें वय १९७ कोटी येतें, आणि तें ४५४ च्या निम्म्यालाही पुरत नाहीं. बैल एकंदर किती वर्षें जगेल हा आंकडा वेगळा, आणि आज तो किती वर्षांचा आहे हा वेगळा. पहिला उचलून दुसऱ्याच्या जागीं ठेवणें याला बाजारांत लबाडी म्हणतात.

ग्रहांच्या फेऱ्यांचीं गणितें एका मापांत बसावींत म्हणून प्राचीन ज्योतिष्यांनीं या अवाढव्य संख्या योजिल्या. त्यांच्या गणिती बुद्धीला आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु त्यांनीं पृथ्वीचे दांत पाहिले नव्हते, आणि पाहिले असें त्यांनीं म्हटलेलेंही नाहीं. तें आजचे त्यांचे वकील म्हणतात.

आतां ज्यांनीं दगडमाती पाहिली त्यांच्याकडे वळूं. पहिलें नांव स्कॉटलंडांतील जेम्स हटन याचें. हा वैद्यकी शिकलेला, परंतु ती सोडून त्यानें बेरिकशायर परगण्यांतील वडिलोपार्जित जमिनीवर कित्येक वर्षें शेती केली. पावसाबरोबर शेतांतली माती ओढ्यांत जाते, ओढ्यांतून नदींत व नदींतून समुद्रांत जाते, हें त्यानें पाहिलें. प्रत्येक शेतकरी हें पाहतो आणि हळहळतो. हटनानें पुढचा प्रश्न विचारला : माती अशी निरंतर वाहून जात असतां जमीन अजून उरली कशी ? त्याचें उत्तर असें कीं, समुद्राच्या तळाशीं बसलेला गाळ दाबून दगड होतो, पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें तो पुन्हां वर उचलला जातो, आणि पुन्हां झिजूं लागतो. १७८८ सालीं तो दोन मित्रांसह होडींतून सिकार पॉइंट नांवाच्या किनाऱ्यावर गेला. तेथें खालचे थर भिंतीसारखे उभे आणि त्यांच्यावर तांबड्या वाळूच्या दगडाचे थर जवळजवळ आडवे पडलेले दिसले. गाळ उभा बसत नाहीं. म्हणजे खालचा गाळ प्रथम आडवा बसला, दगड झाला, मुडपून उभा राहिला, वर आला, त्याचें डोकें झिजून सपाट झालें, आणि मग त्यावर दुसरा गाळ बसला. एका शेताचा बांध झिजावयास किती पावसाळे लागतात हें ज्याला ठाऊक आहे, त्याला हें काम सहा हजार वर्षांचें नव्हे हें सांगावें लागत नाहीं. आजच्या मोजणीनें त्या दोन थरांत सुमारें सहा कोटी वर्षांचें अंतर निघतें.

दुसरा विल्यम स्मिथ. हा इंग्लंडांतील खेड्यांतल्या लोहाराचा मुलगा. बाप लहानपणींच वारला. शेतकरी चुलत्यानें त्याला वाढविलें. शाळेंतलें शिक्षण बेताचें. पुढें तो जमिनीची मोजणी व कालवे खोदण्याच्या कामावर लागला, आणि खोदकामांत त्याच्या ध्यानीं आलें कीं, दगडांचे थर ठराविक क्रमानेंच येतात आणि प्रत्येक थरांत दगड झालेले शिंपले व प्राणी ठराविक जातीचेच सांपडतात. त्यावरून कोणता थर जुना व कोणता नवा हें ओळखतां येऊं लागलें. १८१५ सालीं त्यानें इंग्लंडच्या भूमीच्या थरांचा मोठा नकाशा एकट्याच्या पायपिटीवर तयार करून छापला. लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सोसायटींतील बड्या लोकांनीं त्याला आपल्यांत घेतलें नाहीं, उलट स्वतःचा दुसरा नकाशा काढला. १८१९ सालीं स्मिथ कर्जापायीं तुरुंगांत गेला. त्याच सोसायटीनें १८३१ सालीं त्याला आपलें पहिलें पदक दिलें. राबणारा एक आणि मिरविणारा दुसरा, हा रोग आपल्याच देशांत आहे असें कोणी समजूं नये.

थरांवरून आधींचा कोण व नंतरचा कोण हें कळलें. वर्षें मात्र कळलीं नाहींत. वर्षें काढण्यासाठीं प्रथम भट्टीची मदत घेण्यांत आली. फ्रान्सांतील ब्यूफाँ यानें आपल्या लोखंडाच्या कारखान्यांत लहानमोठे लोखंडी गोळे लाल करून ते निवण्यास किती वेळ लागतो तें मोजलें, आणि पृथ्वीएवढा गोळा निवण्यास किती लागेल याचा त्रैराशिक हिशेब केला. १७७८ सालीं त्यानें सुमारें ७५,००० वर्षें हा आंकडा प्रसिद्ध केला. आंकडा चुकीचा होता, परंतु रीत लोहाराच्या पारखीची होती, आणि ती तपासतां येत होती.

हीच रीत पुढें लॉर्ड केल्व्हिन यानें मोठ्या गणितानें चालविली. १८६२ सालीं त्यानें दोन ते चाळीस कोटी वर्षें अशी मर्यादा घातली, आणि १८९७ सालीं ती दोन ते चार कोटींवर आणली. केल्व्हिन हा त्या काळचा सर्वांत मोठा पदार्थविज्ञानी. त्याच्यापुढें भूगर्भशास्त्रज्ञ दबून गेले. डार्विनचा सिद्धांतही त्यामुळें अडचणींत आला, कारण जीवजातींना बदलण्यास इतका काळ पुरता ना. परंतु पूर्वीं केल्व्हिनच्याच हाताखालीं काम केलेल्या जॉन पेरी यानें १८९५ सालीं जाहीरपणें दाखवून दिलें कीं, गुरूनें पृथ्वीचें पोट सर्वत्र घट्ट व स्थिर धरलें आहे. तें आंतून हळूहळू ढवळलें जात असेल तर वय कितीतरी पटींनीं वाढेल. पेरीचें म्हणणें खरें ठरलें. शास्त्रांतही मोठे लोक चुकतात व आपल्या मोठेपणाच्या जोरावर चूक चालवितात. फरक इतकाच कीं, येथें शिष्यानें गुरूची चूक छापून काढली तरी त्याला कोणी वाळींत टाकीत नाहीं, आणि पुरावा असेल तर शेवटीं शिष्याचें म्हणणें टिकतें.

खरें घड्याळ सांपडलें तें दगडाच्या पोटांतच. १८९६ सालीं बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाला युरेनियम धातूंतून आपोआप किरण निघतात असें आढळलें. पुढें रदरफोर्ड व सॉडी यांनीं दाखविलें कीं, अशा धातूंचे अणु ठराविक गतीनें फुटून दुसऱ्याच धातूचे अणु बनतात. युरेनियमाचें शेवटीं शिसें होतें. १९०७ सालीं अमेरिकेंतील बोल्टवुड यानें दगडांतील युरेनियम व शिसें यांच्या प्रमाणावरून वयें काढलीं, आणि तीं ४१ कोटींपासून २२० कोटी वर्षांपर्यंत निघालीं. आंकडे अजून कच्चे होते, परंतु केल्व्हिनची मर्यादा एका फटक्यांत मोडली.

ही रीत आमच्या वाचकांना कठीण वाटूं नये. खतावणी सर्वांना ठाऊक आहे. युरेनियम हें मुद्दल समजा. तें दरसाल ठरलेल्या प्रमाणांत झिजतें आणि तितकेंच शिसें जमेला पडतें. मुख्य जातीच्या युरेनियमाचा निम्मा भाग झिजण्यास ४४७ कोटी वर्षें लागतात. उरलेल्याचा निम्मा झिजण्यास पुन्हां तितकींच. एखाद्या कणांत आरंभीं शंभर अणु होते, त्यांपैकीं आज पंचवीस शिसें झालेले व पंचाहत्तर युरेनियम उरलेले सांपडले, तर तो कण सुमारें १८५ कोटी वर्षांचा. पन्नास-पन्नास सांपडले तर ४४७ कोटींचा.

येथें चाणाक्ष वाचक तीन शंका घेईल, आणि त्यानें त्या घ्याव्याच.

पहिली शंका : आरंभींच शिसें असेल तर ? यासाठीं झिरकॉन नांवाचें खनिज निवडतात. त्याचा स्फटिक बनतांना युरेनियम आंत घेतो आणि शिशाला बाहेर ठेवतो. म्हणून आज आंत जें शिसें आहे तें नंतर जमलेलें.

दुसरी : गति बदलत असेल तर ? दगड वितळवील इतक्या आंचेंत घाला, बर्फांत ठेवा किंवा घणाखालीं दाबा, युरेनियमाच्या फुटण्याच्या गतींत फरक पडत नाहीं, हें प्रयोगांनीं पाहिलेलें आहे. शिवाय एकाच कणांत दोन जातींचें युरेनियम असतें. दुसऱ्याचा निम्मा भाग सुमारें ७० कोटी वर्षांत झिजतो आणि त्याचें शिसेंही वेगळ्या जातीचें होतें. एकाच घरांत वेगवेगळ्या चालीचीं दोन घड्याळें असावींत आणि दोन्हींनीं एकच वेळ दाखवावी, तशी ही साक्ष आहे.

तिसरी : ज्याची तारीख आधींच ठाऊक आहे अशा गोष्टीवर ही विद्या कोणी पारखून पाहिली काय ? पाहिली. इटलींतील वेसुव्हियस पर्वत इ. स. ७९ मध्यें फुटला हें लेखी इतिहासांत नमूद आहे. १९९७ सालीं अमेरिकेंतील बर्कली येथील शास्त्रज्ञांनीं त्या राखेंतील खनिजांचें वय पोटॅशियमापासून होणाऱ्या आर्गॉन वायूवरून मोजलें. उत्तर १९२५ वर्षें आलें. इतिहासाप्रमाणें तें १९१८ असावयास हवें होतें. अशा मोजणीत शंभरेक वर्षांची चूक धरलेली असते; येथें फरक सातच वर्षांचा.

मग पृथ्वीचा सर्वांत जुना दगड शोधला कीं झालें, असें वाटेल. तसें होत नाहीं. पृथ्वी आपले दगड पुन्हां पुन्हां वितळविते, झिजविते, गिळते. पश्चिम ऑस्ट्रेलियांत जॅक हिल्स येथें सांपडलेला झिरकॉनचा कण ४४० कोटी वर्षांचा आहे. त्यामागचीं पानें फाटून गेलीं आहेत. म्हणून पृथ्वीच्याच वेळीं, त्याच सामानांतून तयार झालेल्या वस्तु तपासाव्या लागल्या. त्या म्हणजे आकाशांतून पडणारे दगड, अशनि.

अमेरिकेंतील क्लेअर पॅटरसन यानें हें काम पुरें केलें. ॲरिझोना प्रांतांत पडलेल्या लोखंडी अशनींत युरेनियम जवळजवळ नाहीं. तेव्हां त्यांतील शिसें ही खात्याची आरंभींची शिल्लक. इतर अशनींतील व पृथ्वीवरील शिशाशीं ती ताडून पाहतां सर्व आंकडे एकाच रेषेवर बसले. १९५६ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेलें वय ४५५ कोटी वर्षें, चूक सात कोटींची. पुढें चंद्रावरून आणलेले दगड तपासले, नवीं यंत्रें आलीं, तरी तो आंकडा जागचा हलला नाहीं. चुकीची मर्यादा तेवढी कमी झाली.

या कामांतून दुसरी एक गोष्ट निघाली, आणि ती गरिबांच्या पोटापाण्याशीं निगडित आहे. पॅटरसनचे हिशेब प्रथम जुळत ना, कारण त्याच्या खोलींतल्या हवेंत, पाण्यांत, भांड्यांत, सर्वत्र शिसें मिसळलेलें होतें. खोली धुवून धुवून स्वच्छ केली तेव्हां कोठें काम झालें. मग त्यानें विचारलें, हें शिसें आलें कोठून ? समुद्राचें पाणी व ध्रुवाकडील बर्फ तपासून त्यानें दाखविलें कीं, तें मोठ्या प्रमाणांत मोटारींच्या पेट्रोलांत घातलेलें शिसें आहे, आणि तें माणसांच्या, लेंकरांच्या अंगांत जात आहे. शिसें लेंकरांच्या मेंदूला विषासारखें बाधतें. कारखानदार त्याच्यावर उलटले, परंतु तो मागें हटला नाहीं. शेवटीं देशोदेशीं तें पेट्रोल बंद झालें. आपल्या देशांत २००० सालीं, आणि सर्वांत शेवटीं अल्जीरियांत २०२१ सालीं. पृथ्वीचें वय मोजून पोट भरतें काय, असें जे हंसून विचारतात त्यांना आमचें हेंच उत्तर आहे.

आतां आपल्या पायांखालीं पाहूं. महाराष्ट्राचा बहुतेक काळा दगड, ज्यांत आपल्या विहिरी खोदल्या, ज्यांत वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं कोरलीं, आणि जो कुजून आपली काळी जमीन झाली, तो तप्त रसाचे थरांवर थर सांचून बनलेला आहे. थरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्यांतून काढलेल्या झिरकॉनच्या कणांवरून त्याचें वय सुमारें ६.६ कोटी वर्षें ठरलें. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर अशनि आदळून झालें. त्याचें वय एका रीतीनें सुमारें पन्नास हजार वर्षें निघालें होतें, पण आर्गॉनच्या रीतीनें तें पांच लाखांहून अधिक निघालें. ही दुरुस्ती करतांना कोणाचा धर्म बुडाला नाहीं. नवा पुरावा आला, जुना आंकडा गेला.

पृथ्वीचें सारें वय बारा महिन्यांचें एक वर्ष धरलें, तर आपला काळा दगड शेवटच्या पांच-सहा दिवसांतला ठरतो. माणसाची शेती शेवटच्या मिनिट-सव्वा मिनिटांतली. आणि ज्या उच्चनीचपणाला सृष्टीच्या आरंभापासूनचा म्हणून सांगतात, तो त्या मिनिटाच्याही शेवटच्या कांहीं सेकंदांतला. ४५४ कोटी वर्षांच्या पृथ्वीवर परवां आलेली चाल सनातन कशी ? ज्यांना ती सनातन म्हणून टिकवावयाची आहे, त्यांना दगडांची साक्ष रुचत नाहीं, यांत नवल नाहीं.

म्हणूनच हा विषय केवळ विद्वानांचा नव्हे. केंद्राच्या एन. सी. ई. आर. टी. नें दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचें प्रकरण वगळलें, तेव्हां २०२३ सालीं देशांतील अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनीं जाहीर पत्र काढून त्याला विरोध केला. तें प्रकरण बारावीच्या जीवशास्त्रांत आहे, असें उत्तर देण्यांत येतें. परंतु बारावीपर्यंत विज्ञान शिकणारीं मुलें कोणाचीं, आणि दहावीला शाळा सोडून शेतावर, कारखान्यावर जाणारीं कोणाचीं ? ज्याच्या शिक्षणाला दहावी हीच सीमा, त्याच्याच ताटांतून घास काढला गेला. आम्हांला हें मान्य नाहीं.

आमचें आईबापांना सांगणें असें. मुलाच्या पुस्तकांत पृथ्वीचें वय दिलें असेल तर तें पाठ झालें कीं नाहीं एवढेंच पाहूं नका. तें कशावरून काढलें हें त्याला विचारा, त्याला न आल्यास मास्तरांना विचारा. शिक्षकांना आमची विनंति कीं, प्रयोगशाळा नाहीं म्हणून हा धडा वाचून सोडूं नये. घाटांतला कापलेला रस्ता, नव्या विहिरीचा खड्डा, नदीची दरड येथें मुलांना न्यावें आणि थर मोजावयास लावावें. आणि मुलीनें जर घरीं येऊन देवघरांतल्या पोथीविषयींही "कशावरून ?" असें विचारलें, तर तिला गप्प बसवूं नका. बैलाचा दांत पाहणाऱ्या घरांतच ती वाढली आहे.